बिजागरी

पायसांदूत जुलैचा गारठा.
इर्मा बेन्तांकुर गाडी घेऊन आली,
एकावन्न सालची शेव्हरोले, ड्रायव्हरचं दार बोटभर उतरलेलं.
म्हणाली, "एवढंच बघ, विल्मार. बाकीचं माझ्यासारखंच, चालतंय."

तळहात खाली घालायचा, किंचित उचलायचं,
मग कमरेनं ढकलायचं,
तेव्हा कुठे लागायचं दार.

वरची खीळ निघेना.
रात्रभर तेल पाजलं, सकाळी ठोकली,
तेव्हा कुरकुरत बाहेर आली,
मधोमध कंबर खंगलेली.
भोक गोल राहिलंच नव्हतं,
एका अंगानं खाल्लेलं, अंड्यासारखं.
कॅलिपरनं मोजलं : सात दशांश मिलिमीटर.
एवढं लोखंड गेलं कुठे?
गाडीखाली वाकून पाहिलं मी, उगाचच.

लेथवर पितळेचे बुश कातले.
पितळ सोनेरी केसांसारखं गुंडाळत बुटांवर पडलं.
रीमर हातानंच फिरवला, श्वास धरून,
कारण इथं घाई केली
की पुन्हा पहिल्यापासून.
नवी खीळ अंगठ्यानं दाबली :
जड जड गेली, पण गेली.
माते गार झाला होता तोवर.

गुरुवारी ती आली.
दाराखाली हात घातला, उचललं.
दार जागचं हललं नाही,
तिचाच खांदा तेवढा वर गेला.

"नुसतं ओढा," मी म्हणालो.
तिनं पुन्हा उचललं.
तिसऱ्यांदा मी मान वळवली,
हत्यारं पुसत बसलो.
मागून आवाज आला. एकच, बुटका.

जुनी खीळ तिनं मागून घेतली,
बिलात गुंडाळून पर्समध्ये टाकली.
बिलाचे पैसे अजून यायचेत.