नाश्ता समाविष्ट नाही

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात होतं ते.
खोली भाच्याने मोबाईलवरून घेतलेली.
मामा, एसी आहे, गरम पाणी आहे,
कोंकण भवन चालत दहा मिनिटं.
सुनावणी अकराला.
मी पाचला उठतो, सहाला साखरेची गोळी,
आणि गोळी पोटात गेली की अर्ध्या तासात
तिच्यामागून काहीतरी पाठवावं लागतं.

काउंटरवरचा पोरगा जांभई गिळत म्हणाला,
साडेआठला, सर. बुफे. तीनशे साठ, वर टॅक्स.
बरं, म्हटलं, आणि चपला सरकवल्या.

बेलापुरात सकाळी सगळं सरळ असतं.
सेक्टर, फुटपाथ, झाडांच्या रांगा.
फोडणीचा वास तेवढा कुठून येत नाही.
ज्यूसवाल्याच्या खुर्च्या टेबलांवर पालथ्या,
बँकेच्या शटरला पाठ लावून झोपलेलं कुत्रं.
एक इडलीवाला सायकलवरून भोंगा वाजवत गेला,
मी हात वर करेस्तोवर वळणापलीकडे.
त्र्याहत्तराव्या वर्षी हातही अर्ज केल्यासारखा वर जातो.

एटीएमचा वॉचमन म्हणाला, गावात बघा की.
कुठल्या गावात?
त्याने अंगठा मागे केला,
जणू गाव त्याच्या पाठीला बांधलेलं.

मोजणीचा माणूस मी, मला लगेच कळलं.
जिथे रस्ता सरळ राहण्याचा हट्ट सोडतो
तिथून शहाबाज.
भिंतीला भिंत, वर चौथा मजला चढतोय,
खाली ओट्यावर गॅस, बिडाचा तवा,
आणि एक बाई पीठ ओतते आहे
चुकलेला थेंबसुद्धा तव्यातच पडेल अशी.
घावणं. सोबत जवळ्याची चटणी.
बसा नं, उभं कां? म्हणाली. चाय कोरा चालंल?

पहिल्या घासाला काही झालं नाही.
दुसऱ्याला
खाजणाचा वारा आला.

बहात्तर साल. मी एकोणीसचा, रोजंदारीवर,
शंकू साखळीचं एक टोक माझ्या हातात,
तेहतीस फूट, सोळा आणे,
भाताच्या खुंटांतून ओढत नेलेली.
चौघे होतो. उपाशी.
बांधावरून एक बाई टोपली घेऊन आली,
पदीबाय तिचं नाव, ते कुठल्याच टिपणात नाही.
पोटान काय हाय का रं पोरांनो?
हीच घावणं. हाच जवळा.
आम्ही खाताना ती साखळीकडे बघत होती.
कशाला मोजताव?
आमचा सर्व्हेअर पाणी प्यायला गेलेला,
म्हणून मीच सांगितलं, रस्ता होणार आहे.

खोटं नव्हतं.
आताच त्यावरून चालत आलो.

त्या चार वर्षांचा कागद माझ्यापाशी नाही.
म्हणून तर पेन्शनमध्ये ती धरली नाहीत,
म्हणून म्हसळ्याहून ही तिसरी खेप.
तुम्ही इथे कामाला होतात, याला काही पुरावा?
मागच्या साहेबांनी विचारलं होतं,
मी हजेरीपट वाळवीने खाल्ल्याचं सांगितलं होतं.

तव्यावरच्या बाईला विचारावंसं वाटलं,
पदीबाय तुमची कोण?
विचारलं आणि ती होय म्हणाली तर
पुढचं वाक्य माझं होतं,
आणि ते मला येत नव्हतं.

किती झाले?
चालीस.
पन्नास दिले. राहू द्या, म्हटलं.
तिने दहाचं नाणं ओट्यावर ठेवलं,
टक्क. हिशोबाचा आवाज.

हात दोनदा धुतले, हॉटेलच्या गुलाबी साबणाने.
पावणेअकराला कोंकण भवनाच्या दारात
शिपायाने नोंदवही पुढे सरकवली:
नाव. गाव. काम.
दुसऱ्या रकान्यात पेन जरा रेंगाळलं,
बोटाला अजून जवळ्याचा वास होता.

म्हसळा, लिहिलं.
मागे रांग होती.