निळी पट्टी, चार सेकंद

फेब्रुवारीत मुहर्रकच्या गोदीत
कला-उत्सवाची माणसं आली,
गळ्यात ओळखपत्रं, पायात वाळूला न मानवणारे बूट.
हेस्साबाईंनी आमच्या टगच्या डेकवर कागद उलगडला.
वाऱ्याने उडू नये म्हणून
मी त्याच्या टोकांवर दोन पाने ठेवले, दहाचा आणि चौदाचा.

म्हणाल्या, शंभर वर्षांपूर्वी
दुसऱ्या एका समुद्राकाठी
कुणीतरी गावभरच्या भोंग्यांची मैफल केली होती.
कारखाने, आगबोटी, रेल्वेची इंजिनं,
आणि मचाणावर चढून निशाणं हलवणारा एक माणूस.
त्याला वाटलं होतं, आता संगीत दिवाणखान्यातून उठून
रस्त्यावर येईल ते कायमचंच.
"मग?" मी विचारलं.
"परत गेलं," त्या म्हणाल्या.

कागदावर सुरांच्या जागी रंगीत पट्ट्या.
तांबडी मासेमारीच्या लाँचींची,
पिवळी ॲल्युमिनियमच्या कारखान्याची,
निळी आमची. पाच बेचाळीसला, चार सेकंद.
"चारच?" कप्तान दुरमुहम्मदला ते लागलं.
बावीस वर्षं तो तेलाची जहाजं
कान धरून आणावीत तशी धक्क्याला लावतोय.
मधली एक पट्टी कोरी होती.
"ती मगरिबच्या अजानची," बाई म्हणाल्या,
"तेवढा वेळ आपण कुणीच नाही."

मी मेकॅनिक. मैफलीतलं मला काय कळणार.
पण भोंगा कळतो.
पडदा उघडला, मीठ खरवडलं,
बशीभर निघालं.
नवं गॅस्केट, हवेचा दाब सात.

सोलापुरात आमच्याकडे घड्याळ होतं, पण शोभेला.
वेळ गिरणी सांगायची.
पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची,
दुसऱ्याला वडील चपला शोधायचे,
तिसऱ्यापर्यंत झोपलेल्याचं पांघरूण
कुणी ओढायचं, हे आम्हा भावंडांत ठरलेलं.
घरात तेलुगू, शाळेत मराठी,
भोंगा दोन्हीकडे तोच.
मग एका सोमवारी तो वाजलाच नाही.
आईने तरीही चूल पेटवली.
वडील बाजेवर बसून राहिले,
एका पायात चप्पल घालून.

उत्सवाच्या संध्याकाळी धक्क्यावर खुर्च्या मांडल्या,
पाहुण्यांना कानात घालायला बोळे वाटले.
हेस्साबाई मचाणावर. अबाया वाऱ्याने इतका फडफडत होता
की निशाण कुठलं ते कळेना.
लाँची सुरू झाल्या, पाठोपाठ गावातली कुत्री.
कारखाना अर्धा मिनिट उशिरा आला,
येताना वाऱ्याची वाट चुकला असणार.
मग अजान.
सगळे थांबले. समुद्र नाही थांबला,
त्याला कुणी कागद दाखवलाच नव्हता.

निळं निशाण.
दोरी ओढायची कप्तानाने, पण तो बाजूला सरकला.
"साफ तूने किया," म्हणाला, "बजा भी तूच."
एक, दोन, तीन, चार.
पाच.
सहाला दुरमुहम्मदने माझ्याकडे पाहिलं,
नवाला समोर पाहायला लागला.
गिरणीचा भोंगा किती वेळ वाजायचा
हे मी कधी मोजलं नव्हतं.
सोळा.

बाई आल्या तेव्हा मी पुसायचं फडकं शोधत होतो.
रागावल्या नाहीत. पेन्सिलीने निळी पट्टी
ओढत ओढत समासाबाहेर नेली
आणि विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
भोंगा, म्हटलं.
त्यांच्या लिपीत भ नाही. उजवीकडून लिहिलं,
वाचून दाखवलं: बूंगा.
कप्तान इतका हसला की चहा सांडला.

शुक्रवारी सुट्टी होती, दालनात जाऊन आलो.
भिंतीवर कागद, काचेमागे माझी पट्टी.
दारातला पहारेकरी करीमनगरचा निघाला,
आईच्या बोलीत बोलला.
परवा तो मोठा आवाज तुमचाच का, त्याने विचारलं.
मी मान हलवली.
"मला वाटलं ड्यूटी सुटली," तो म्हणाला,
"टोपी काढून ठेवली होती मी."