फेरीमागे पाच रुपये

बोललो खरा. चक्कीचा पट्टा फिरत होता,
पारबताबाई दारात वही घेऊन उभी,
मी पिठाच्या धुरळ्यातूनच ओरडलो,
"फेरीमागे पाच रुपये, लिवा माह्या नावावर."
तलावाची पाळ काय थोडी लांब आहे?
वाटलं, बचत गटाच्या बाया,
लुगड्यात धावून धावून धावतील किती.

पैसे ऑटोसाठी हवे होते.
गावची पाच लेकरं, आठवड्यातून दोनदा,
साकोलीला व्यायामाला जातात;
बस थांबते फाट्यावर
आणि तिची पहिली पायरी
मलाच मांडीला हात टेकून चढावी लागते.

माघाची सकाळ. बांध्यांमधून लाखोळीला निळी फुलं,
पाण्यावर ढिवरांचा एक डोंगा, माणूस दिसत नव्हता.
मोहाखाली बाजेवर भुमेश्वरी बसलेली,
मांडीवर मागल्या सालची लाखोळी, पुढ्यात तेलाचा रिकामा डबा.
फेरी पुरी झाली की एक दाणा.
टण्.
तिचा उजवा हात कधीकधी स्वतःच्याच मनाने दुसरीकडे जातो,
मग धावणारे थांबत, आवाज ऐकून पुढे निघत.

पारबताबाईने चपला हातात घेतल्या.
कापगतेंच्या दोघी जावा, ज्या बोलत नाहीत एकमेकींशी,
न बोलता अकरा फेऱ्या.
पोस्टमन. त्याच्या मागे कुणाचंतरी कुत्रं.
सरपंच तुडुमापासूनच वळून आले, घाम पुसत उभे राहिले.
"नाही धरत," भुमेश्वरी म्हणाली.
गेले बिचारे परत.

तालुक्याहून एकजण कॅमेरा घेऊन आलेला.
"बेटा, तू पण चार पावलं टाक ना, चांगलं दिसेल."
वॉकर बाजेला टेकलेलाच होता.
तिने मानही वर केली नाही.
"माहं चालनं बुधवारी रायते.
आज मी मोजून रायली."
टण्.

मीही धावलो. का धावलो, सांगता येत नाही.
पाळीच्या मधोमध छाती भरून आली,
दगडावर बसलो, पाणकोंबड्या पाहिल्या,
आणि लोकांच्या गर्दीत हळूच परत आलो.
तिने पाहिलं. काही बोलली नाही.

संध्याकाळी डबा चक्कीवर आला.
दार लावून घेतलं, पराती मांडल्या,
दहा-दहाचे ढीग केले, चूक सापडेल म्हणून
दोनदा मोजलं.
तीनशे बारा.
दोन्ही वेळा तीनशे बारा.

मग डबा उपडा करून ठोकला, सवयीने,
जसा शेवटचा शेर झटकतो गिऱ्हाइकाचा.
तळातून एक डाळ पडली.
दाताने फोडलेली असावी, कडेला ओल होती अजून;
दुसरी पाकळी तिनेच खाल्ली असणार.

पंधराशे साठ
आणि वर अडीच रुपये.
आठ आणे आता कुठून आणू, याचाच विचार करत
कितीतरी वेळ बसून राहिलो
पट्टा बंद करून.