बेट, म्हणजे बांबूचं

नागपूरच्या रद्दीतून किलोवर आणलेल्या पुस्तकांत
हे एक निघालं. पाठीवर पाण्याचा डाग,
आत बेटांवरची माणसं, इंग्रजीत.
एक अख्खी रात्र रेल्वेत काढल्याशिवाय
समुद्र लागत नाही अशा ठिकाणी मी ते वाचतो,
मोहरटोला पुनर्वसन, प्लॉट एकशे बारा,
शाळेच्या किल्ल्या खिशात, लाइट गेलेली.

बेट म्हटलं की आमच्याकडे आधी बांबू येतो.
एका गड्ड्यातून निघालेल्या तीस-चाळीस काठ्या,
वाऱ्यात एकमेकींवर घासणाऱ्या.
पाण्याचा काही संबंध नाही.
त्यामुळे त्या बाईची पहिली कविता मी चुकीचीच वाचली.

ती कुठल्याशा थंड गावात राहते,
रात्रपाळीला म्हाताऱ्यांची अंगं पुसते,
आणि पहाटे लिहिते की
भरती आत्याच्या कबरीपर्यंत आली,
नारळाची मुळं बोटांसारखी उघडी पडली,
कळवलं भावाने, फोनवर, तोही इंग्रजीत.
मधेच एक शब्द तिच्या घरचा.
खाली टीप नाही. डिक्शनरीत नाही.
शेवटी तोंड उघडंच राहतं असा शब्द.

डी.एड.ला पहिल्याच महिन्यात
सरांनी मला उभं केलं होतं:
'डोरा नाही रे, डोळा. म्हण.'
तेव्हापासून ळ आहे माझ्या जिभेवर
चपलेत खडा असावा तसा.
आता मीच पोरांच्या वहीत
'पानी'वर लाल गोल करतो.

ती जिथे उथळ निळ्या पाण्याबद्दल बोलते
तिथे मी 'खाजण' लिहिलं.
खाजण मी कधी पाहिलेलं नाही.
कोकणातला शब्द, तोही मला परदेशीच. खोडला.
रात्री उशिरा लिहिलं 'बोडी',
आणि तिच्या त्या सगळ्या समुद्राला
धानाच्या बांधीचा वास यायला लागला.

पैकूमामाला सांगितलं, तिथलं पाणी खारं असतं.
'मंग ढोरं का पेतेत?'
म्हटलं, ढोरं फारशी नसतात.
त्याने जाळ्याची एक गाठ सोडवली, दुसरी सोडवली.
'आन् थे बाई इंग्रजीत कायले लिवते?
तिच्या घरचे वाचतेत का?'
मला चहा आठवला, मी उठलो.

चौथीच्या वर्गात शिकवलं:
चारही बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला बेट म्हणतात.
सगळ्यांनी दोनदा म्हटलं.
वाघधरे यांची रायवंता हात वर करून उभी:
'सर, आन् वरूनबी पानी असन तं?'
कोणी हसलं नाही.
तिचं जुनं घर, माझं जुनं घर,
गुजरीचा ओटा, सगळं धरणाच्या पोटात.
फळ्यावर खडू तसाच टेकलेला राहिला.

मे महिन्यात पाणी ओसरलं तेव्हा
मामाने डोंग्यात बसवून नेलं.
जिथे वाघधऱ्यांची वाडी होती तिथे
बांबूचे काळे, मेलेले बुडखे
पाण्याबाहेर आले होते, हातभर.
त्यालाच मामाने दोर बांधला.
'बेट,' तो म्हणाला, आणि बिडी पेटवली.

मी पुस्तक काढलं.
मराठीत केलेलं वाचायची लाज वाटली,
म्हणून त्या बाईचं तिच्याच इंग्रजीत वाचलं, मोठ्याने,
शाळेत वाचतो त्या आवाजात.
मामा जाळ्याकडे बघत होता.
एक मरळ तळाशी आपटत होती.
सगळी कविता त्याच्या कानावरून
वाऱ्यासारखी निघून गेली असणार.
फक्त त्या एका शब्दाला त्याने मान वळवली.

'हा,' तो म्हणाला, 'हा अजून एकडाव म्हन.'

म्हटला.

'हा तं घरात बोलाचा दिसते.'