दुसरी जीभ

पिंपाचं झाकण सारून मी बोट बुडवतो, चाटतो.
अजून आठ दिवस.
चाळीस वर्षं हीच जीभ ठरवत आलीय
निवळीत घातलेलं मेंढीचं मांस कधी मुरलं,
ऐन हिवाळ्यातल्या जेवणावळीला पिंप कधी फोडायचं.
बोलुंगारवीकमध्ये मला कुणी आंबटपणा शिकवू नये.

रेक्याविकच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवला.
कागदावर मेंदू काढला, खाली त्याचा देठ,
देठाच्या पुढच्या अंगाला पेन्सिलीचं टोक टेकवलं.
"इथं. मोजक्या पेशी. त्या रक्त चाखतात."
चाखतात?
"श्वास मंदावला की आतला वायू साठतो,
सोड्याच्या बाटलीत विरतो तसा रक्तात विरतो,
आणि रक्त आंबतं. किंचित.
तुमच्या जिभेच्या बापालाही कळणार नाही इतकं किंचित.
यांना कळतं. या ओरडतात. छाती हलते."

आणि हिच्या?

"हिच्या नीट घडल्याच नाहीत.
जागेपणी निभतं. झोपली, की चाखायला कुणी नाही."
स्नायफ्रीदुर तेव्हा खुर्चीखाली बसून
माझ्या बुटाची नाडी सोडवत होती. चार वर्षांची.

त्या रात्री घड्याळ पुढ्यात घेऊन मी नाक दाबलं.
जन्मभर समजत होतो, हवा संपली की जीव घाबरतो.
हवा संपत नव्हती. पुष्कळ होती.
पस्तिसाव्या सेकंदाला पोट आपसूक उचकलं,
पन्नासाव्याला कुणीतरी आतून माझा हात झटकला.
कोण, ते कळलं. ओळख मात्र नव्हती.
अडुसष्ट वर्षं माझ्या घरात राहून
ज्यानं एकदाही भाडं मागितलं नाही.

जानेवारीतलं वादळ. वीज गेली.
यंत्राची बॅटरी पाच तास पुरली, वादळ अकरा.
जावई बर्फ उपसायच्या गाडीवर, घाटापलीकडे अडकलेला;
डोंगर कधीही सुटेल म्हणून रस्ता बंद.
आल्दा म्हणाली, जागी ठेवू या.
ठेवली. गाणी, बिस्किटं, गार पाण्याचा हात.
दोन वाजता ती बसल्या जागी कलंडली.

मग तोंडावर मुखवटा, हातात रबरी पिशवी.
दाब. सोड.
आधी आल्दा, तिचे पंजे वळले तेव्हा मी.
वल्ही मारली आहेत मी, ताल मला नवा नाही;
पण वल्हं चुकलं तर होडी नुसती फिरते.
तिच्या बोटाला चिमटा, त्यावर लाल आकडा.
आकडा प्राणवायूचा. आंबटपणाचा नाही.
बॅटरीच्या उजेडात मी तिचे ओठ वाचत होतो
आणि माझं बोट तिच्या रक्तात बुडत नव्हतं.

तेव्हा सुचलं ते वेड्यासारखं:
माझ्या आतल्याला तिच्या कामावर लावायचं.
तिच्या श्वासाशी श्वास बांधायचा,
माझ्यात ओरड झाली की पिशवी दाबायची.
पण चार वर्षांच्या छातीला घाई असते.
तिचा वेग धरता धरता मी धापा टाकू लागलो,
डोकं हलकं, बोटांना मुंग्या, ओठ बधिर,
आणि आतला गप्प.
इतका श्वास उपसला की माझ्याच रक्ताची आंबट गेली;
त्याला ओरडायला काही उरलं नाही.
क्षणभर त्या खोलीत
तिलाही नको होता श्वास, मलाही.

"बाबा," आल्दा म्हणाली,
"तुमचा तुम्ही घ्या. तिचा मोजून द्या."
मोजला. एक, दोन, दाब. एक, दोन, दाब.
पुढचं मला आठवत नाही, आकडे सोडून.

सहा चाळीसला फ्रीज गुरगुरला.

उजाडलं अकराला, आमच्याकडे तेव्हाच उजाडतं.
ती उठली, भूक म्हणाली.
मी पिंपात बोट बुडवून तिच्यापुढे धरलं.
तिनं चाटलं, नाक मुरडलं, डोळे घट्ट मिटले,
सगळा चेहरा गोळा होऊन जिभेपाशी आला
आणि कुणी न सांगता
तिनं एक लांब श्वास आत ओढला, मला शिव्या द्यायला.

आल्दा बॅटरी चार्जिंगला लावत होती.