कपाट बाहेर राहिलं

परतवाड्याहून छोटा हत्ती केला होता.
घाटातल्या तिसऱ्या वळणावर ड्रायव्हर म्हणाला,
"बाई, रिकाम्या गाडीलेच दम लागते इथं,
तुमी तं अख्खं अकोला भरून आनलं."
अख्खं नव्हतंच. दोन ट्रंका, गादी, मिक्सर,
आणि पहिल्या पगारवाढीतून घेतलेलं लोखंडी कपाट,
दारावर माणसाएवढा आरसा.

आवळढाण्यात घरात शिरायचं तर कमरेत वाकावं लागतं.
मी वाकले. कपाट वाकेना.
उभं, आडवं, तिरपं करून झालं.
सुकय बेठेकर, त्याची दोन पोरं, शाळेचे मास्तर,
म्हशी घेऊन निघालेला एक गवळी,
सगळ्यांनी आपापली अक्कल लावली.
म्हशी तेवढ्यात भलत्याच वावरात गेल्या.
शेवटी फुलय म्हणाली,
"राहू दे ना बाहेर. झाड नाही का राहत?"
म्हणून ते मोहाखाली राहिलं.

छत्तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली.
कानाला हेडफोन, हातात दोरी,
भंडारा मागणाऱ्याला भंडारा, नागपूरला नागपूर.
बाळंतपणं, भांडणं, कापसाचे भाव
माझ्या बोटांमधून गेले,
कुणी कधी विचारलं नाही, बाई, तुमचं नाव काय.
इथे रेंज फक्त वरच्या काळ्या दगडावर.
गुरुवारी चढते. भाऊ विचारतो,
"करमते का तुले तिकडं?"
मी धाप टाकत असते, तो समजतो रडते आहे.

दरीतला दिवस उशिरा उघडतो.
नऊ वाजेस्तोवर ऊन डोंगराच्या पाठीमागेच बसून असतं,
चारला सावली परत.
मधल्या वेळात सगळं गाव वाळत घालायचं:
गोधड्या, मिरच्या, ओले बूट, म्हातारी माणसं.
मीही बसते. हात उन्हात, पाय सावलीत.
हे असं बसणं
शहरात आजारी पडल्याशिवाय मिळत नव्हतं.

कोरकू शिकते आहे. आधी डा, म्हणजे पाणी.
मग जोम, म्हणजे जेव;
हे एवढ्यांदा ऐकलं की दोन ब्लाउज उसवले.
कुला मात्र कुणी शिकवला नाही.
सकाळी नाल्याच्या चिखलात
माझ्या पंजापेक्षा मोठा ठसा होता,
शेजारी पोरं बसून हलक्या आवाजात म्हणाली, कुला.
त्या दिवसापासून पाण्याला मी एकटी जात नाही,
आणि एकटी जात नाही म्हणून रोज
फुलयच्या सासूरवाडीची एक गोष्ट ऐकते.

कपाटात आधी कोंबडी बसली, खालच्या खणात.
तिला उठवायचं कोण?
मग फुलयनं कुटकीचं बियाणं आणलं, "उंदीर लोखंड खात नाही."
मग मास्तरांचा फुटबॉल.
पावसाळ्यात सुकयचा ढोल,
सगळ्यांची रेशनकार्डं एका पिशवीत,
कुणाचे तरी घुंगरू, कुणाचं तरी टॉनिक.
माझ्या तीन साड्या वरच्या कप्प्यात
पाहुण्यांसारख्या अंग चोरून.
चावी मोहाच्या खिळ्याला.
कुलूप कशाला लावतो ते कुणालाच माहीत नाही,
पण लावतात. मोठ्या इमानानं.

आता माघ.
नाल्यापलीकडे बाटू कासदेकरचं घर कड्याला चिकटून आहे,
थंडीत तिथे ऊन पोचतच नाही.
परवा एका पोरीनं फुटबॉलसाठी दार उघडलं
आणि आरशातलं ऊन उडी मारून
नाला ओलांडून त्याच्या भिंतीवर पडलं.
म्हातारा बाहेर आला. भिंतीकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं.
मग बाज ओढून आणली आणि टोपी काढून
त्या दाराएवढ्या उन्हात बसला.

तेव्हापासून रोज नऊनंतर माझी ड्युटी.
सूर्य सरकतो तसं दार बोटभर लोटायचं.
तो पलीकडून ओरडतो, मला अर्धंच कळतं,
पोरं सांगतात, "म्हनते, जरा डावीकडं."
मी डावीकडं करते.
"लागली का लाइन?" मी इकडून ओरडते.
त्याला मराठी अर्धीच कळते. हात हलवतो.

भावाला हे सांगायचं आहे गुरुवारी,
दगडावर चढून, आधी दम खाऊन.
कसं सांगायचं ते मनात जुळवत असते,
तेवढ्यात कुणीतरी टॉनिक मागायला येतं,
दार हलतं,
पलीकडे म्हातारा शिव्या घालू लागतो.