सतरावा दिवस

हडर्सफील्डच्या इस्पितळात तळघराला लागून
आमची खोली. खिडकी आहे,
तिच्यातून धुलाई विभागाची वाफ तेवढी दिसते.
वेंडी मेणातला तुकडा कापते,
चार मायक्रॉनची फीत कोमट पाण्यावर तरंगते,
ती काचेवर झेलायची, रंगवायची:
केंद्रकाला जांभळा, बाकी सगळ्याला गुलाबी.
मग ट्रे माझ्याकडे.

बाईचं नाव मी वाचत नाही. नंबर, वय,
आणि शेवटच्या पाळीची तारीख,
तीही पुष्कळदा अंदाजानं सांगितलेली.

सहावा दिवस: उघड्या भुईवर
सरळ, अरुंद नळ्या, नुकत्या रोवल्यासारख्या.
दहाव्याला जिकडे बघावं तिकडे
एकीच्या दोन होण्याची लगबग.
आणि सतरावा.
प्रत्येक केंद्रकाखाली एक स्वच्छ पोकळी,
सगळ्या एका रेषेत,
पंगतीला पानं मांडून ठेवावीत तशा.
तिथं साखर होती.
आमच्या धुण्यात ती विरघळून जाते,
मला दिसते ती साखरेची जागा.

बहुधा जेवायला कुणी येत नाही.
तरी तेविसाव्याला नागमोडी धमन्यांभोवती
पेशी गुबगुबीत होऊन बसतात,
आणि अठ्ठाविसाव्याला सगळं ढासळतं,
तळाचा थर तेवढा जागचा हलत नाही.
त्यातूनच पुन्हा उगवतं. व्रण राहत नाही.
शरीरात दुसरं काय इतकं
निमूट भरून येतं?

आई इचलकरंजीत ब्लाउज शिवायची.
अस्तर आधी रात्रभर भिजवायची.
आटायचंय तेवढं आटू दे एकदाचं, म्हणायची,
नाहीतर पहिल्या धुण्यात वरच्या कापडाला चुण्या पडतात
नि गिऱ्हाईक आपल्याच नावानं ओरडतं.
मला पहिल्यांदा कावळा शिवला
तेव्हा मशीनला हात लावायचा नव्हता.
कोपऱ्यातल्या चटईवरून मी विचारलं,
कावळ्यानं शिवलं काय पण?
तोंडात टाचण्या होत्या तिच्या.
तशीच म्हणाली, अस्तर.

या मार्चमध्ये, तीन कोरड्या वर्षांनंतर,
मला एक डाग दिसला.
तपकिरी. रुपयाएवढा. (इथं येऊन एकतीस वर्षं झाली,
अजून मापं रुपयातच.)
स्वतःची काच स्वतः वाचायची नाही असा नियम आहे,
माझी डॉ. बूथरॉइड वाचणार होते.
वेंडीनं ट्रे ठेवला, माझ्याकडे न बघता म्हणाली,
किटली लावते,
आणि नेहमीपेक्षा बराच वेळ लावला.
सगळ्यांत वर जी काच होती
तिचा नंबर मला पाठ होता.

पातळ. कांद्याच्या पापुद्र्याइतकं.
ठेंगण्या पेशींची एकेरी ओळ,
काही नळ्या फुगून रिकाम्या,
उन्हाळ्यात तळी उघडी पडावीत तशा.
विभाजन शोधलं. एका कडेपासून दुसरीपर्यंत
सगळी काच पालथी घातली.
एकही नाही.
भिण्यासारखंही काही नाही.

याला आमच्या अहवालात शब्द आहे: निष्क्रिय.
हजारदा टाइप केला असेन,
जेवणाच्या सुट्टीआधी, घाईनं,
पूर्णविराम देऊन.
कुणा कुणाच्या घरी गेला असेल तो
तपकिरी पाकिटातून?

काच जागेवर ठेवली.
हात उगाच ॲप्रनला पुसले.
आटलं होतं एवढंच,
आणि आटल्यावर आई काय करायची
ते मला ठाऊक आहे:
उन्हात झटकून, दुमडून,
कात्री शोधायची.

वेंडी चहा ठेवून गेली.
पुढची काच. वय तेहतीस, तारीख आठवत नाही.
मी वाकते, चाक फिरवते,
आणि धुक्यातून एक एक पोकळी वर येते,
ओळीनं.
सतरावा, मी मोठ्यानं म्हणते.
मोजायच्या नसतात त्या.
तरी मोजत बसते.